तोंडात वाट, अर्जात रस्ता

तहसील कार्यालयात माझी बरीचशी नोकरी रस्त्यांच्या भांडणांत गेली. रस्ते बांधण्याच्या नव्हे, अडवण्याच्या. शेताकडे जाणाऱ्या वाटेवर शेजाऱ्याने काट्या टाकल्या, कुणी आडवा चर खणला, कुणी एका रात्रीत नांगर घालून वाटच मोडून टाकली. अशी प्रकरणं अव्वल कारकुनाच्या टेबलावरून वर जायची आणि फिरून तिथेच यायची. या कागदांच्या ढिगात बसून मला एक नाद लागला. एकाच चार हात रुंदीच्या पट्टीला लोक किती नावांनी हाक मारतात, आणि कुठलं नाव कुणाच्या तोंडून येतं, हे ऐकत बसण्याचा.

शेतकरी दारात उभा राहून म्हणायचा, "भाऊसाहेब, आमची वाट बंद केली हो त्यानं." बाहेर झाडाखाली टंकयंत्र घेऊन बसलेला अर्ज लिहिणारा त्याचं वाक्य असं करायचा: "माझे गटात जाणे-येणेचा पूर्वापार वहिवाटीचा रस्ता सामनेवाले यांनी अडविला आहे." मग गावनकाशा काढला की त्यावर तुटक रेषा असायची आणि खाली खुलाशात शब्द असायचा 'गाडीमार्ग' किंवा 'पायमार्ग'. तोंडात वाट, अर्जात रस्ता, नकाशावर मार्ग. जागा तीच, माती तीच, भांडणही तेच.

शाळेच्या व्याकरणात हे तिन्ही शब्द एका ओळीत बसवलेले असतात. वाट म्हणजे रस्ता, मार्ग, पथ, सडक, पंथ. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही हीच ओळ. ओळ चूक आहे असं मी म्हणत नाही. परीक्षेत तेवढी पुरते. पण समानार्थी याचा अर्थ एक काढून दुसरा ठेवला तरी चालतं असा घेतला, तर पहिल्याच वाक्यात गाडी रुतते. 'मी एसटीची वाट पाहतोय' या वाक्यात रस्ता घालून बघा. एसटीचा रस्ता पाहणारा माणूस बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, प्रवासी नव्हे. आणि एसटीचा मार्ग पाहणारा कुणीच नाही, निदान मला अजून भेटलेला नाही.

मला यात सर्वांत गंमत वाटते ती क्रियापदांची. एकच क्रियापद घ्यावं आणि त्याच्या मागे हे तीन शब्द पाळीपाळीने लावून पाहावेत. 'काढणे' घ्या. गर्दीतून, चिखलातून माणूस वाट काढतो. तिथे अंग चोरणं आहे, खांदा पुढे करणं आहे. 'साहेब, यातून काहीतरी मार्ग काढा' असं कुणी म्हणालं, तर त्याला तडजोड हवी असते, मोजणी नको असते. आणि 'साहेब, आम्हाला रस्ता काढून द्या' म्हणाला, तर त्याला भूमापक, साखळी, चुना आणि पोलीस बंदोबस्त हे सगळं हवं असतं. आमच्या कचेरीत या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला नाही, तो कारकून पहिल्याच महिन्यात फसायचा. मार्ग काढा म्हणणाऱ्याला मोजणीची फी भरायला सांगितली की तो दुखावून निघून जायचा.

'दाखवणे' घ्या. वाट दाखवणारा तो वाटाड्या, पुढे पुढे चालणारा. मार्ग दाखवणारा गुरू, बहुधा बसलेला. रस्ता दाखवणारा मात्र तुम्हाला घालवून देतो. मंत्रिमंडळातून, संघातून, नोकरीतून ज्याला काढलं त्याला 'बाहेरचा रस्ता दाखवला' असंच वर्तमानपत्रं छापतात. बाहेरची वाट दाखवली असं छापलं असतं तर कुणी तरी कंदील घेऊन त्याला फाटकापर्यंत सोडायला आलं होतं असं वाटलं असतं.

'चुकणे' तर याहून बारीक. रस्ता चुकला म्हणजे डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळलो. मार्ग चुकला म्हणजे पोरगं बिघडलं. आणि वाट चुकली ती पाहुण्याची. फार दिवसांनी दारात आलेल्याला आपण म्हणतो, 'आज कशी काय वाट चुकलात?' तो अगदी बरोबर ठिकाणी आलेला असतो, तरी त्याला हे ऐकावं लागतं, आणि यात राग, लाड, टोमणा तिन्ही असतं. 'आज कसा काय रस्ता चुकलात?' असं विचारलं तर बिचारा खरंच पत्ता सांगू लागेल.

आणि 'लागणे'. रस्त्याला लागलो म्हणजे निघालो. मुलं मार्गी लागली म्हणजे शिकली, कमवू लागली. वाट लागली म्हणजे संपलंच. तीन भावंडं, एकाच घरातली, आणि तिघांची नशिबं इतकी वेगळी. 'वाट लागली' हे आता इतकं सर्रास झालं आहे की पेपर अवघड गेला तरी वाट लागते, कंबर धरली तरी कमरेची वाट लागते, आणि इस्त्री जास्त तापली तर सदऱ्याची. काही जाणत्या मंडळींना हा वापर खपत नाही, त्यांना तो टपोरी वाटतो. मला नाही वाटत. सरकारी भाषेत 'विल्हेवाट लावणे' राजरोस वापरलं जातंच की. कचऱ्याची विल्हेवाट, जुन्या दप्तराची विल्हेवाट, जप्त वाळूची विल्हेवाट. विल्हे म्हणजे व्यवस्था, ठिकाणी लावणं. कागदावर विल्हेवाट लागते आणि बोलण्यात नुसती वाट लागते, एवढाच फरक. जाता जाता एक: वाताहतीचा या वाटेशी काही संबंध नाही. वात म्हणजे वारा, आहत म्हणजे तडाखा बसलेला. वाऱ्याने उधळलेलं ते वाताहत. कानाला दोन्ही शब्द सारखे लागतात आणि अर्थही जवळ येऊन बसलेत, म्हणून लोक त्यांना नातेवाईक समजतात.

खऱ्या नात्याचं सांगायचं तर वाट आली संस्कृतातल्या वर्त्मन् या शब्दापासून, प्राकृतातल्या वट्टमधून घासून घासून. रस्ता फारसीतून आला. मार्ग आणि पथ संस्कृतातून जसेच्या तसे. म्हणजे यादीत शेजारी बसलेल्या या शब्दांपैकी एक चालत आला, एक दरबारातून आला आणि दोन पोथीतून आले. कोण कुठून आला हे त्यांच्या वागण्यावरून अजून ओळखू येतं. फारसीतली 'राह' आपण तशी ठेवली नाही, पण 'रहदारी'त ती लपलेली आहे. मोगलाईत राहदारी हा वाटेवरचा कर होता. आता रहदारी म्हणजे नुसती वाहनांची दाटी. कर गेला नाही, त्याचं नाव तेवढं टोल झालं.

आता माझ्या खात्याच्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण तिथे शब्द बदलला की कलम बदलतं.

शेतरस्त्याची प्रकरणं तहसीलदारापुढे मुख्यतः दोन कायद्यांखाली येतात. एक मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, त्याचं कलम 5. आधीपासून असलेला रस्ता कुणी अडवला, तर ती अडवणूक दूर करण्यासाठी. दुसरा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, तिचं कलम 143. ज्याला आपल्या शेतात जायला रस्ताच नाही, त्याने दुसऱ्यांच्या बांधावरून जाण्याचा हक्क मागण्यासाठी. पहिल्यात अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. दुसऱ्यात तशी घाई नाही, पण तिथे शेतकऱ्याची रास्त गरज तपासली जाते. पहिल्यात दावा असतो, त्यामुळे माणसं वादी आणि प्रतिवादी होतात. दुसऱ्यात अर्ज असतो, म्हणून तीच माणसं अर्जदार आणि सामनेवाले. काही तालुक्यांत सामनेवाल्याला जाबदेणार म्हणतात. पण त्याचं सोडा, समानार्थी शब्दांच्या त्या गल्लीत शिरलो तर बाहेर पडणं कठीण.

गोंधळ व्हायचा तो असा. शेतकऱ्याच्या मनात असायची जुनी वाट, आज्याच्या काळापासूनची. अर्ज लिहिणारा सवयीने लिहायचा, 'मला माझे शेतात जाणेकरिता रस्ता मिळावा.' झालं. 'मिळावा' म्हटलं की रस्ता नव्याने मागितला असा अर्थ. प्रकरण 143 मध्ये जायचं, आणि समोरच्याचा वकील उठून म्हणायचा, अर्जदार स्वतःच सांगतोय की पूर्वी रस्ता नव्हता. तोवर कलम 5 चे सहा महिने उलटून गेलेले.

म्हणून अर्ज हातात आला की मी तो बाजूला ठेवून आधी माणसाला बोलतं करायचो. 'वाट होती का रस्ता पाहिजे?' एवढंच विचारायचो. ऐकणाऱ्याला प्रश्न विचित्र वाटेल, पण शेतकऱ्याला तो बरोबर कळायचा. ज्याची वाट गेलेली असायची तो लगेच सांगू लागायचा: कुठल्या बाभळीपासून वळते, पावसाळ्यात कुठे पाणी साचतं, बैलगाडी जाते की नुसतं माणूस, बापाची तिरडी याच वाटेने नेली की नाही. ज्याला रस्ता हवा असायचा तो यातलं काही बोलायचा नाही. तो गट नंबर सांगायचा, लांबी सांगायचा आणि ट्रॅक्टर बसला पाहिजे म्हणायचा.

एकदा एक म्हातारी आली होती. शेजाऱ्याने जुनी वाट मोडून तिला बांधाच्या दुसऱ्या अंगाने चांगला रुंद रस्ता देऊ केला होता, मुरूम टाकून वगैरे. सर्कलनं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, जागेवर जाऊन पाहिलं, त्यांना सौदा उत्तम वाटला. बाई ऐकेना. "तुमचा रस्ता तुम्हाला लखलाभ रावसाहेब, मला माझी वाट द्या," असं तिनं थेट तहसीलदारांना सांगितलं. हट्टी म्हणून सगळे हसले. पण तिच्या वाटेवर विहीर होती आणि विहिरीत तिचा चौथा हिस्सा होता. नव्या रस्त्याने ती शेतात पोचली असती, विहिरीवर नव्हे. आणि विहिरीवर जाणं एकदा थांबलं की पुढे हिश्शाचं काय होतं, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

वाट या शब्दात मागचं चालणं धरलेलं असतं. रस्त्यात ते नसतं. रस्ता उद्घाटनाच्या दिवशीसुद्धा रस्ताच असतो, त्यावर अजून एकही पाऊल पडलेलं नसलं तरी. वाटेचं उद्घाटन झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. मळलेली वाट म्हणतात, मळलेला रस्ता म्हटलं की मनात झाडू येतो.

कायद्यानं ही चालण्याची गोष्ट ओळखली आहे, आणि त्यासाठी मराठीने जो शब्द दिला त्यात वाट आहे: वहिवाट. हा माझा फार आवडता शब्द. वाहती वाट असं मला त्यात ऐकू येतं. याचे अर्थ बघा किती. बांधावरून जाण्या-येण्याचा रिवाज ती वहिवाट. जमीन प्रत्यक्ष कसणं, ताब्यात ठेवणं ती वहिवाट. देवस्थानाचा कारभार पाहणारा तो वहिवाटदार. आणि घरात कुणी विचारलं, थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न का करत नाही, तर उत्तर येतं, 'आमच्यात तशी वहिवाट नाही.' 1948 च्या कूळकायद्याचं आजचं मराठी नाव महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा एवढा मोठा कायदा, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनासकट, आणि त्याच्या नावात पायाखालची वाट. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 चा. त्यात वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापर केला तर दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क पक्का होतो. साक्षीदाराला उभं करून वकील विचारतात, 'किती वर्षांची वहिवाट?' उत्तर वर्षांत क्वचितच येतं. 'मी शाळेला जायचो तवापासून' असं येतं, आणि मग शाळा सोडल्याचा दाखला मागवावा लागतो.

वाटेच्या प्रकरणांचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा वाटणी सापडते. इथे भाषेने केलेली एक चेष्टा आहे. वाट आणि वाटा हे दिसायला माय-लेकरू, पण रक्ताचं नातं नाही. वाटा, वाटणी, वाटप, वाटेकरी हे सगळं वण्ट् या वेगळ्या धातूचं कूळ, भाग करणे या अर्थाचं. वाटेकरी म्हणजे हिस्सेदार, वाटसरू म्हणजे प्रवासी. नवीन लिपिक यात हमखास अडखळायचे. पण प्रत्यक्षात हे दोन शब्द एकमेकांचे शेजारी आहेत, कारण वाटणी झाली की वाटेचा प्रश्न उभा राहतो. बापाच्या हयातीत सगळं रान एक, कुणी कुठूनही जावं. तीन भावांत उभे तुकडे न पाडता आडवे पाडले की रस्त्यालगतचा पहिल्याला, मधला दुसऱ्याला आणि मागचा तिसऱ्याला. मागच्याच्या वाट्याला जमीन येते, वाट येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खालच्या वाटणीत नकाशे निघतात, क्षेत्र गुंठ्यापर्यंत जुळवतात, सगळ्यांच्या सह्या होतात, आणि मागच्या तुकड्यात जायचं कसं याबद्दल कागद मुका. त्या दिवशी भावाभावांत प्रेम असतं ना. 'लिहायचं कशाला, तो काय परका आहे?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की वाटणीपत्र करायला कुणी आलं की मी आगाऊपणाने विचारायचोच, मागच्याची वाट कुठून? एका थोरल्या भावाने मला सुनावलंही, की भाऊसाहेब, आम्हाला भांडायला शिकवू नका. ते दोघे पुढे कोर्टात भेटले. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होतो.

याच वाट-वाटा गोंधळातून बोलण्यात एक दुहेरी रूप रुजलं आहे. 'त्याच्या वाटेला जाऊ नकोस' की 'त्याच्या वाट्याला जाऊ नकोस'? मूळ अर्थ धरला तर वाटेला, म्हणजे त्याच्या वाटेत आडवं जाऊ नकोस, त्याची खोडी काढू नकोस. पण वाट्याला जाऊ नकोस हे निम्मी माणसं म्हणतात, अगदी चांगलं मराठी बोलणारी. मुद्रितं तपासणारे वाट्याला खोडून वाटेला करतात. मी नसतं केलं. आमच्याकडच्या दाव्यांत जो दुसऱ्याच्या वाट्याला गेला तो दुसऱ्याच्या वाटेलाही गेलेला असायचाच.

गावोगावची नावं हा आणखी एक प्रकार. पश्चिम महाराष्ट्रात दोन्ही बाजूंना कुंपण असलेली शेतातली बोळकांडी म्हणजे पाणंद. विदर्भात बदली होऊन गेलेला माझा एक सहकारी पाणंद शोधत राहिला आणि तिथे लोक सांगत होते पांदण. अक्षरं इकडची तिकडे, वस्तू तीच. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. शीव म्हणजे सीमा. मुंबईकर ज्याला सायन म्हणतात त्या स्टेशनावर मराठीत शीव लिहिलेलं असतं, ते हेच. कोकणात दगडी पायऱ्यांची पाखाडी. घाटावरच्या माणसाला पाखाडी म्हटलं तर छपराच्या दोन बाजू आठवतात, त्या पाख्या. सह्याद्रीत चढणाऱ्यांकडे वाटांची अशीच नावं आहेत. हरिश्चंद्रगडावर कोकणातून चढणारी नळीची वाट कुणी नळीचा रस्ता म्हणत नाही, म्हणाला तर तो चढलेला नाही असं खुशाल समजावं. गडाच्या मुख्य दरवाजाकडे जाणारा तो राजमार्ग, आणि कड्यावरून गुपचूप उतरणारी ती चोरवाट. राजवाट आणि चोरमार्ग असं का नाही? राजा मार्गाने जातो, चोर वाटेने. वाटमारीही वाटेवरच होते. आणि कायद्यात सापडते ती पळवाट, पळमार्ग नव्हे.

सरकारला हे सगळे स्थानिक शब्द आवडतात, पण त्यांच्यावर विश्वास नसतो. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, तिच्या पूर्ण नावात 'शेत/पाणंद रस्ते' असे शब्द आहेत. पाणंद म्हणजे रस्ताच, तरी शेपटीला रस्ते जोडले. आणि जिथे पाणंद कळणार नाही तिथल्यासाठी आधी शेत घालून मध्ये तिरकी रेघ मारली. ती तिरकी रेघ बघून मला आमच्या एका वरिष्ठांची आठवण येते. त्यांना दोन शब्दांतला कुठला बरोबर हे ठरवता आलं नाही की ते मध्ये रेघ मारायचे आणि सही करायचे.

शहरात गोष्ट वेगळी. तिथे वाट जवळजवळ नाहीच, उरली ती पायवाट, तीही बागेत. पुण्यात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता. मुंबईत पाटीवर स्वामी विवेकानंद मार्ग, लाल बहादूर शास्त्री मार्ग. पुण्याच्या पाट्यांनी रस्ता धरला आणि मुंबईच्या पाट्यांनी मार्ग, पण रिक्षात बसल्यावर दोन्हीकडे रोडच. एस. व्ही. रोड, जे. एम. रोड. द्रुतगती मार्ग वर्तमानपत्रात, एक्सप्रेसवे तोंडात. भुयारी मार्ग पाटीवर, सबवे तोंडात. रेल्वे हद्दीत चोरी झाली तर तक्रार घेणारे अजूनही लोहमार्ग पोलीस आहेत, आणि तक्रार करायला निघालेला माणूस रेल्वे पोलीस कुठे म्हणून विचारत असतो. दिल्लीतला राजपथ 2022 मध्ये कर्तव्य पथ झाला, पथ तेवढा टिकला. मराठीत पथ एकटा फारसा फिरत नाही, तो पथनाट्य, पथदिवे, पदपथ असा कुणाच्या तरी हाताला धरून असतो. पंथाचं तर चालणंच सुटलं. पांथस्थ म्हणजे वाटसरू हे आता कोशात, बाकी पंथ म्हणजे वारकऱ्यांचा, महानुभावांचा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाला पंथराज म्हटलं आहे, तेव्हा तरी त्यावर चालता येत असावं. आणि शहरात वाहतूक अडवली तर ते 'रास्ता रोको'. आपल्याकडे रस्ता हा शब्द असताना आंदोलनात रास्ता कसा आला हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी 'रस्ता रोको' लिहिलेलं दिसलं की डोळ्याला खटकतं.

राहता राहिलं वाट पाहणं. कुणी वाट पाहतं, कुणी वाट बघतं, त्यावरून माणूस कुठल्या भागातला याचा थोडा अंदाज येतो. ज्याच्यासाठी थांबलो तो दिसत नसतो, म्हणून तो येणार ती वाट पाहायची. किती साधं आणि किती नेमकं. तुकोबांच्या अभंगात विठ्ठलाची वाट पाहणं आहे आणि माहेरच्या बोलावण्यासाठी आसावलेल्या लेकीची 'वाटुली'ही आहे. कोकणीतही वाट पळोवप आहे, हिंदीत बाट जोहना. संस्कृतप्रेमी पत्रलेखकांनी या वाक्प्रचाराचा 'मार्गप्रतीक्षा' करून टाकला होता. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या संस्थानिकांचे कारभारी पत्राच्या शेवटी 'उत्तराची मार्गप्रतीक्षा करीत आहे' असं लिहायचे. त्यांना उत्तर लवकर जायचं, साहेबांना त्या शब्दाची भीती वाटायची म्हणून. आता मार्ग गळून नुसती प्रतीक्षा उरली आहे, तीही प्रतीक्षा यादीत आणि प्रतीक्षालयात. बातम्यांत शेतकरी पावसाच्या प्रतीक्षेत असतो. शेतकऱ्याला विचारा, तो पावसाची वाट बघत असतो.

आता घरात नातवंडं 'वेट कर ना आजोबा' म्हणतात. वाट आणि वेट यांत एक मात्रा इकडची तिकडे, मला काही त्यात मराठी बुडाल्यासारखं वाटत नाही. दोघांना वेगवेगळं काम मिळालं आहे. वेट करायचं ते दोन मिनिटं, गेम संपेपर्यंत. सुट्टीची, पावसाची, मावशीची अजून वाटच बघतात. आणि वेटला एक गोष्ट अजिबात जमत नाही. 'बघ वाट!' किंवा 'बसा वाट बघत' असं ज्या सुरात म्हणता येतं, ज्याचा अर्थ ते कधीच होणार नाही असा असतो, तो सूर 'वेट कर'ला लागत नाही. आमच्या कचेरीतला शिपाई तारखेला आलेल्या माणसांना 'थांबा जरा' म्हणाला तर ती बाकावर बसायची, डबा सोडायची. 'बघा वाट' म्हणाला की निमूट पायात चपला घालायची.